धंद्याचा पोशाख आणि प्राप्तिकर

प्राप्तिकराचा कायदा म्हणजे आंकड्यांचें आणि कलमांचें रुक्ष अरण्य, असा सुशिक्षितांचाहि सर्वसाधारण समज आहे. आणि वर्षांतून एकदां विवरणपत्र भरण्यापुरता त्या अरण्यांत पाय टाकून लगबगीनें बाहेर पडण्याकडेच बहुतेकांचा कल असतो. परंतु या कायद्याच्या इतिहासाकडे जरा सावकाश पाहिलें तर असें दिसून येतें कीं, मनुष्याचें खाजगी जीवन कोठें संपतें आणि त्याचा धंदा कोठें सुरू होतो, या प्रश्नाचा न्यायाधीशांना फार बारकाईनें विचार करावा लागला आहे. त्या विचाराचें उदाहरण म्हणून आम्ही येथें एक अगदीं लहानसा प्रश्न घेतों. घरबांधणीच्या कामावर जाणारा ठेकेदार, सुतार किंवा गवंडी कामासाठीं म्हणून जे कपडे विकत घेतो, त्यांची किंमत त्यानें धंद्याच्या खर्चांत धरावी कीं नाहीं?

त्याची करवत, रंधा, ओळंबा, थापी यांचा खर्च धंद्याचा, याविषयीं कोणी वाद घालीत नाहीं. विटा, वाळू आणि सिमेंट यांविषयींहि नाहीं. मग चुना आणि डांबर लागून सहा महिन्यांत फाटून जाणारी विजारच तेवढी घरखर्चांत कां टाकावी? प्रश्न लहान खरा. पण त्याच्या शेजारच्याच एका प्रश्नाचें उत्तर देण्यासाठीं इंग्लंडच्या सर्वोच्च न्यायासनास, मनुष्य वस्त्र कशासाठीं नेसतो, याचा निर्णय द्यावा लागला आणि त्या निर्णयावर तेथेंहि एकमत झालें नाहीं.

या वादाचें मूळ पाहावयाचें तर सव्वादोनशें वर्षें मागें जावें लागतें. फ्रान्सशीं चाललेल्या युद्धाचा खर्च भागेना, तेव्हां धाकट्या पिटनें १७९९ सालीं लोकांच्या उत्पन्नावर प्रत्यक्ष कर बसविला. वार्षिक ६० पौंडांच्या आंतील उत्पन्न त्यानें मोकळें सोडलें आणि २०० पौंडांवरील उत्पन्नास शेंकडा दहा हा दर ठेवला. युद्ध संपल्यावर १८१६ मध्यें हा अप्रिय कर उठला; परंतु १८४२ सालीं सर रॉबर्ट पीलनें तो पुन्हा आणला, आणि त्यानंतर तो गेला नाहीं. पीलच्या कायद्यानें १५० पौंडांपर्यंतच्या उत्पन्नास माफी दिली, आणि त्यावरील उत्पन्नास दर पौंडास सात पेन्स आकारले.

कर नफ्यावर घ्यावयाचा, तर नफा म्हणजे काय तें ठरविणें ओघानेंच आलें. दुकानांत आलेला सगळा पैसा नफा नव्हे. माल, भाडें, पगार हें सर्व वजा जाऊन जें उरेल तो नफा. पण ‘वजा जाऊन’ या दोन शब्दांतच सगळी गोम होती, कारण चतुर व्यापाऱ्यानें आपला वाडा, गाडी आणि मेजवान्यादेखील दुकानखर्चांत घातल्या असत्या. म्हणून कायद्यानें एक सूत्र घातलें : जो पैसा सर्वस्वीं आणि केवळ धंद्यासाठींच खर्च झाला असेल तो वजा करावा, स्वतःचें व कुटुंबाचें पोषण, घरचा व्याप आणि धंद्याहून निराळा कोणताहि खाजगी हेतु यांवरचा खर्च वजा करूं नये. नोकरदारांसाठीं १८५३ च्या कायद्यानें हें सूत्र आणखी आवळलें. त्यांचा खर्च सर्वस्वीं आणि केवळ कामासाठीं झालेला असून शिवाय तो अवश्यहि असला पाहिजे, असें ठरलें. त्याच कलमांत कामासाठीं घोडा बाळगण्याच्या खर्चास मुभा होती. आणि इंग्रजांची जुनें न टाकण्याची संवय अशी कीं, १९८८ च्या कायद्यांतहि तो घोडा जागचा हलला नव्हता.

येथें ठेकेदाराचें स्थान ध्यानांत घ्यावयास हवें. तो कोणाचा नोकर नसतो. ठरल्या रकमेस काम अंगावर घेतो, हत्यारें स्वतःचीं आणतो, आणि नफा-तोटा त्याचाच असतो. म्हणून नोकरदाराच्या आड येणारा ‘अवश्य’ हा शब्द त्याच्या आड येत नाहीं. परंतु ‘केवळ’ हा दुसरा शब्द मात्र त्याच्या वाटेंत उभा असतो, आणि वस्त्रांच्या बाबतींत तोच शब्द फार जड ठरला.

हिंदुस्थानांत हा कर १८५७ च्या उठावाच्या पाठोपाठ आला. रित्या झालेल्या तिजोरीची व्यवस्था लावण्यासाठीं विलायतेहून आलेले जेम्स विल्सन यांनीं १८६० सालीं तो पांच वर्षांच्या मुदतीनें बसविला. वार्षिक २०० रुपयांच्या आंतील उत्पन्न त्यांतून वगळलेलें होतें. विल्सनसाहेब त्याच वर्षीं कलकत्त्यास वारले. मुदत संपल्यावर करहि गेला. पण निरनिराळ्या रूपांनीं परत येत येत १८८६ च्या कायद्यानें तो येथें कायमचा स्थिरावला. त्या वेळीं माफीची मर्यादा ५०० रुपयांची होती. पुढें १९२२ च्या कायद्यांत, नफा मिळविण्याच्या एकमेव हेतूनें केलेला खर्च वजा करावा असे शब्द होते. १९३९ च्या दुरुस्तीनें ते बदलून इंग्लंडचें ‘सर्वस्वीं आणि केवळ’ हेंच सूत्र येथें आणलें, आणि त्यास पुस्ती अशी जोडली कीं करदात्याचा वैयक्तिक खर्च कोणत्याहि परिस्थितींत चालणार नाहीं. १९६१ च्या कायद्याच्या ३७ व्या कलमानें तेंच पुढें चालविलें, आणि १ एप्रिल २०२६ पासून अंमलांत यावयाच्या २०२५ च्या नव्या कायद्यांतहि तें सूत्र कायम राहिलें आहे. म्हणजे विलायतेंतील निकालांची चर्चा आपल्यास परकी नाहीं. शब्द तेच आहेत आणि अडचणहि तीच आहे.

आतां प्रथम कायद्याच्या बाजूनें काय म्हणतां येईल तें पाहूं. ॲडम स्मिथनें १७७६ सालीं प्रसिद्ध केलेल्या आपल्या अर्थशास्त्रावरील ग्रंथांत जीवनावश्यक वस्तु म्हणजे काय याचा विचार करतांना तागाच्या सदऱ्याचें उदाहरण घेतलें आहे. त्याचें म्हणणें असें कीं, प्राचीन ग्रीक व रोमन लोक असल्या सदऱ्यावांचून सुखानें राहत होते. परंतु त्याच्या काळच्या युरोपांत तो अंगावर नसेल तर साध्या रोजमजुरासहि चारचौघांत जाण्याची लाज वाटे. म्हणून तो सदरा त्या समाजापुरता जीवनावश्यकच झाला. अब्रू राखण्यापुरतें वस्त्र ही सर्वांची गरज आहे. ती धंदेवाल्याची आहे तशीच बेकाराचीहि आहे.

कराच्या कायद्यानें या गरजेची दखल घेतली नाहीं असें नव्हे; ती त्यानें माफीच्या मर्यादेंत घेतली. पिटचे ६० पौंड, पीलचे १५० पौंड, विल्सनचे २०० रुपये यांमागें इतर सोयी होत्या, तरी एक अर्थ हाहि होता कीं, पोटापुरतें व अंगापुरतें मिळविणाऱ्यास सरकारनें हात लावूं नये. मग त्याच वस्त्राची किंमत एकदां माफींत आणि पुन्हा धंद्याच्या खर्चांत अशी दोनदां कां धरावी? शिवाय धंदेवाल्यास ती सवलत दिली, तर घरीं बसून भाकरी भाजणाऱ्या बाईच्या लुगड्यास आणि शाळामास्तरच्या कोटास ती कां नको? हा युक्तिवाद आम्हांस सबळ वाटतो; आणि पुढील निकालांवर टीका करणारांनीं तो आधीं मनांत नीट भरवून घेतला पाहिजे.

परंतु युक्तिवाद सबळ असला तरी व्यवहारांत तो लावतांना न्यायाधीशांची कशी तारांबळ उडाली, तें पाहण्यासारखें आहे. १९४५ च्या सुमारास इंग्लंडच्या अपील कोर्टापुढें एका लघुलेखकाचें प्रकरण आलें. काम करण्याच्या जागा वाईट असल्यामुळें आपण आजारी पडलों, तेव्हां डॉक्टरचें बिल हा धंद्याचा खर्च होय, असें त्याचें म्हणणें. लॉर्ड ग्रीन यांनीं तें मानलें नाहीं. शरीर बरें झाल्याचा लाभ धंद्यास होतो तसा तो जिवंत मनुष्य या नात्यानें त्या माणसासहि होतो. आणि हा खर्च चालला तर उद्यां अन्नवस्त्रांचाहि चालवावा लागेल, असा त्यांचा आशय होता. ‘जिवंत मनुष्य या नात्यानें’ ही कल्पना पुढील सर्व वादाचा पाया झाली.

त्यानंतर १९७५ सालीं एका स्वतंत्र सुताराचें प्रकरण न्यायमूर्ति टेम्पलमन यांच्यापुढें आलें. हा सुतार निरनिराळ्या ठिकाणच्या बांधकामांवर जाई. दुपारीं घरीं जेवला तर १० पेन्स पडत. कामाच्या ठिकाणीं खावें लागलें तर ४० पेन्स. वरचे ३० पेन्स धंद्यापायींच गेले, एवढाच त्याचा साधा हिशेब होता. न्यायमूर्तींनीं उत्तर दिलें कीं, मनुष्य जगण्यासाठीं जेवतो, काम करण्यासाठीं जेवत नाहीं. परंतु त्याच निकालांत त्यांनीं दोन अपवाद सुचविले. नाटकांतील चहापानाच्या प्रवेशांत नट चहा पितो, तेव्हां त्याची तहान भागणें हें भूमिकेच्या मानानें आनुषंगिक असतें. तसेंच अंगाचा बचाव करणारा जो खास पोशाख कामांत वापरतात, त्यानें ऊब मिळते व लज्जारक्षणहि होतें. पण तें बचावाच्या अनुषंगानें होतें, म्हणून त्याची किंमत वजा करतां येईल.

महाराष्ट्रीय वाचकांस हा भेद समजावून देण्यास फार लांब जावयास नको. गंधर्व नाटक मंडळीच्या भरजरी शालूंचा खर्च आमच्याकडे दंतकथेसारखा झाला आहे. तो शालू नेसून रंगभूमीवर येणाऱ्या नटाची लाज राखली जात होती हें खरें. पण ती राखण्यासाठीं मंडळीनें शालू घेतला असें कोणी म्हणणार नाहीं. आणखी जवळचें उदाहरण सोंवळ्याचें. सोंवळें हेंहि वस्त्रच. पण पूजा आणि स्वयंपाक यांपलीकडे तें कोणी नेसत नाहीं, आणि तें नेसून कोणी बाजारांतहि जात नाहीं. कायद्यास धंद्यासाठीं नेमकें असें सोंवळें हवें असतें. गवंड्याचें लोखंडी टोपीचें बूट, हेल्मेट, वेल्डरचा चामडी डगला व हातमोजे हीं सोंवळ्यांत बसतात. त्याचा सदरा आणि विजार मात्र ओंवळीं ठरतात, कारण तींच घालून तो संध्याकाळीं घरीं जातो.

मग विटाळ किती थोडा असला म्हणजे वस्त्र सोंवळें राहतें? या प्रश्नावर दोन निकाल झाले. १९७६ मध्यें एका संगणक-यंत्राच्या अभियंत्यानें सांगितलें कीं, गिऱ्हाइकांकडे जावें लागत असल्यानें मालक मला सूट घालावयास लावतो, आणि यंत्रांत हात घातल्यानें तोच सूट खराब होतो. १९७९ मध्यें बांधकामांची पाहणी करणाऱ्या एका सर्व्हेयरनें, इमारतींवर फिरून आपले कपडे झिजतात अशी तक्रार केली. दोघांचीहि मागणी फेटाळली गेली. कपडा घेतांना त्यांत एक हेतु कामाचा असेल; पण अंग झांकण्याचा दुसरा हेतु त्याच्याच शेजारीं असतो, आणि हेतु दोन झाले कीं ‘केवळ’ हा शब्द उरत नाहीं, असें न्यायाधीशांनीं सांगितलें.

आतां आम्ही या इतिहासांतील मुख्य प्रकरणाकडे येतों. ॲन मॅलल्यू या १९६७ सालीं केंब्रिज येथील युनियन या विद्यार्थिसंस्थेच्या पहिल्या स्त्री-अध्यक्षा झालेल्या बाई पुढें लंडनला बॅरिस्टरी करूं लागल्या. बॅरिस्टरांच्या संस्थेचे पोशाखाविषयींचे नियम कडक होते. झगा, केसांचा टोप आणि गळपट्टी यांखालीं स्त्रियांनीं काळीं अथवा गडद आणि डोळ्यांत न भरणारीं वस्त्रें घालावीं, असा त्यांचा रोख होता. बाईंच्या घरीं रंगीत कपडे भरपूर होते. काळे कपडे त्यांस आवडत नसत आणि कोर्टाच्या नियमासाठीं नसते तर त्यांनीं ते घेतलेहि नसते. त्या कपड्यांची खरेदी व धुलाई यांपोटीं एका वर्षाच्या हिशेबांत त्यांनीं ५६४ पौंड ३८ पेन्स एवढी वजावट मागितली. टोप आणि झगा यांविषयीं तंटा नव्हताच. तंटा होता तो काळ्या पोशाखाविषयीं.

करविषयक आयुक्तांनीं मागणी नाकारली, तरी एक गोष्ट त्यांनींहि मान्य केली होती कीं, कपडे घेतांना बाईंच्या मनांत कोर्टाच्या नियमावांचून दुसरा विचार नव्हता. याच मान्यतेच्या जोरावर हायकोर्टांत आणि नंतर अपील कोर्टांत बाई जिंकल्या. सरकार हाऊस ऑफ लॉर्ड्सकडे गेलें. त्या काळीं देशांतील शेवटचा न्याय तेथेंच मिळे. १९८३ च्या जुलैमध्यें पांच न्यायाधीशांपैकीं चौघांनीं बाईंच्या विरुद्ध कौल दिला. लॉर्ड ब्राइटमन यांचें म्हणणें थोडक्यांत असें कीं, मनांत जागृत असलेला हेतु महत्त्वाचा खरा, पण तेवढाच हेतु असतो असें नाहीं. बाईंना कामावर जातां-येतां आणि कामावर असतांना अंगावर कांहीं तरी हवेंच होतें. मनुष्य म्हणून असलेली ती गरज त्यांच्या ध्यानीं नसली तरी खरेदीच्या हेतूंपैकीं ती एक होतीच. त्याचबरोबर त्यांनीं हेंहि कबूल केलें कीं, स्वतंत्रपणें काम करणाऱ्या परिचारिकेचा गणवेश अथवा खानसाम्याचा लांब शेपट्यांचा कोट यांच्या बाबतींत निराळा निर्णय होऊं शकेल. हा प्रश्न कमीअधिक प्रमाणाचा आहे. पांचवे न्यायाधीश लॉर्ड एल्विन-जोन्स हे पूर्वीं लॉर्ड चॅन्सेलर होते. त्यांनीं एकट्यानें भिन्न मत दिलें. बाईंनीं ते कपडे धंद्यासाठींच घेतले होते. ऊब आणि लज्जारक्षण हे त्यांस आनुषंगिक मिळालेले लाभ होत, असा त्यांच्या मताचा रोख होता.

या निकालांतील एक गोष्ट आम्हांस विशेष लक्षांत घेण्यासारखी वाटते. पुरुष बॅरिस्टराचा गडद सूट त्यास लग्नकार्यांत, क्लबांत आणि प्रार्थनामंदिरांतहि चाले. कोर्टाचा नियम त्याच्या नेहमींच्या वहिवाटीवरच बेतलेला होता. स्त्रीस मात्र तो नियम पाळण्यासाठीं एक दुसरीच पेटी भरावी लागे. नियम दोघांस सारखा, परंतु त्याचा भार सारखा नव्हता. आणि लज्जारक्षणाच्या सर्वसामान्य तत्त्वानें तो फरक पुसून टाकला. मॅलल्यूबाई पुढें १९९१ मध्यें त्याच लॉर्डांच्या सभागृहाच्या सभासद झाल्या; पण १९८३ चा निकाल जागच्या जागींच राहिला.

इतर देशांनीं हीच रेघ थोडी इकडेतिकडे ओढली आहे. अमेरिकेंतील टॅक्स कोर्टानें १९४३ मध्यें परिचारिकेच्या गणवेशाचा खर्च मान्य केला होता. पुढें डॅलस शहरांतील ईव्ह सँ लोराँच्या उंची कपड्यांच्या दुकानाच्या एका व्यवस्थापिकेस तेच कपडे घालून दुकानांत वावरावें लागे. तिनें १९७५ सालीं त्यांवर १३८१ डॉलर ९१ सेंट खर्च केले होते. आपली राहणी साधी आहे, घरीं हे कपडे आपण कधींच घालीत नाहीं, असें तिनें दाखविलें आणि टॅक्स कोर्टानें तें ऐकलें. परंतु १९८० सालीं वरिष्ठ न्यायालयानें निकाल फिरविला. कपडा नोकरीसाठीं सक्तीचा असावा, तो नेहमींच्या वापरास जोगा नसावा आणि तसा वापरलाहि जाऊं नये, या तीन अटी आहेत. त्यांतील दुसरी अट त्या बाईच्या राहणीवरून नव्हे, तर सर्वसाधारण लोकांवरून ठरवावयाची, असें तें म्हणालें. २०१७ च्या कायद्यानें तेथील नोकरदारांची ही वजावटच बंद झाली. स्वतंत्र धंदेवाल्यांपुरती ती कसोटी शिल्लक राहिली आहे.

जर्मनींत पाद्र्याचा आणि अंत्यविधी करणाऱ्या व्यावसायिकाचा काळा सूट पूर्वीं चालत असे. परंतु अंत्यसंस्काराच्या वेळीं भाषणें करण्याचा स्वतंत्र धंदा करणाऱ्या एका जोडप्याच्या काळ्या कपड्यांची वजावट तेथील सर्वोच्च करन्यायालयानें २०२२ मध्यें नाकारली. काळा सूट कोणीहि घालतो, हें कारण. उलट ऑस्ट्रेलियांत १९९४ सालीं क्वीन्सलंडच्या गव्हर्नरांच्या पत्नीच्या चिटणीस बाईंना दिवसांतून अनेक वेळां पोशाख बदलावा लागे म्हणून नेहमींहून अधिक लागलेल्या कपड्यांचा खर्च न्यायालयानें मान्य केला. आणि स्वीडनच्या ‘ॲबा’ या प्रसिद्ध गायकवृंदापैकीं ब्यर्न उल्वेउस यांनीं २०१४ मध्यें सांगितलें कीं, त्यांचे ते चमत्कारिक पोशाख करामुळेंहि तसे झाले होते. रस्त्यावर घालतां येणार नाहींत इतके विचित्र असले तरच ते खर्चांत धरले जात. कायदा माणसास काय नेसावयास लावतो, याचें याहून मासलेवाईक उदाहरण आमच्या पाहण्यांत नाहीं.

आपल्याकडील एक निकालहि या मालिकेंत बसतो. नामांकित कायदेपंडित शांति भूषण यांनीं अमेरिकेंत ह्युस्टन येथें हृदयावर करवून घेतलेल्या शस्त्रक्रियेचा सुमारें १ लाख ७४ हजार रुपये खर्च वकिलीच्या उत्पन्नांतून वजा मागितला होता. २०११ मध्यें दिल्ली हायकोर्टानें तो नाकारला. हृदय हें वकिलाचें हत्यार नव्हे. तें प्रत्येक मनुष्यास लागतें, हें त्या निकालाचें तात्पर्य. लघुलेखकाच्या प्रकरणांत लॉर्ड ग्रीन यांनीं जें म्हटलें होतें, तेंच येथें पुन्हा प्रकट झालें.

ठेकेदारांच्या बाबतींत मात्र आपल्या देशानें एक निराळी वाट काढली, आणि तिच्याकडे वाचकांनीं विशेष लक्ष द्यावें असें आम्हांस वाटतें. १९९४ च्या वित्त कायद्यानें ४४-अड हें कलम घालून, बांधकामाचे अथवा त्यास मजूर पुरविण्याचे ठेके घेणारा जो मनुष्य वर्षास ४० लाख रुपयांपर्यंतच्या उलाढालीचें काम करतो, त्याचा नफा उलाढालीच्या शेंकडा ८ धरावा असें ठरविलें. उरलेल्या ९२ रुपयांत त्याच्या विटा, मजुरी, बूट, सदरा सगळें आलें असें समजावयाचें. पुढें त्या कलमाची व्याप्ति वाढत गेली. या पद्धतीनें ‘केवळ’ या शब्दावरचा वाद मिटला नाहीं. त्या लहान ठेकेदारापुरता तो उद्भवलाच नाहीं. त्याच्या सदऱ्याचें सोंवळें-ओंवळें कोणी तपासत नाहीं.

याच ठेकेदारानें आपल्या मजुरांसाठीं हेल्मेट, बूट अथवा डगले घेतले तर तो खर्च निःसंशय धंद्याचा. १९९८ च्या बांधकाम-मजुरांविषयींच्या केंद्रीय नियमांनीं तर अशीं कांहीं साधनें पुरविणें त्याच्यावर बंधनकारकच केलें होतें. म्हणजे मजुराच्या अंगावर घातलेला डगला धंद्याचा, आणि तसलाच साधा सदरा मालकानें स्वतःच्या अंगावर घातला कीं तो खाजगी. कापड तेंच, फरक पडतो तो अंगाचा. यांत विसंगति नाहीं. दुसऱ्याचें अंग झांकण्यांत ठेकेदाराचा खाजगी लाभ नसतो. परंतु यावरून एवढें दिसतें कीं, कायदा वस्त्राविषयीं बोलतो असें वाटलें तरी त्याचें लक्ष करदात्याच्या स्वतःच्या देहावर असतें, आणि त्या देहाची गरज तो एकदां माफीच्या मर्यादेंत मोजून मोकळा झालेला असतो.

आमच्या मतें दोष या ठिकाणीं आहे. माफीची मर्यादा सर्वांस एक असते. देहाची झीज मात्र सर्व धंद्यांत एक नसते. कचेरींतील कारकुनाचा सदरा दोन वर्षें टिकतो, डांबर ओतणाऱ्याचा दोन महिनेहि टिकत नाहीं. दोघांसहि लज्जारक्षणापुरतें वस्त्र हवें हें खरें. परंतु दुसऱ्यास वर्षांत जे जादा सदरे लागतात ते लज्जेनें नव्हे, डांबरानें मागितलेले असतात. ऑस्ट्रेलियाच्या न्यायालयानें त्या चिटणीस बाईंच्या जादा कपड्यांचा वेगळा विचार केला, तो याच समजुतीनें. सुताराचे ३० पेन्स नाकारणारे न्यायमूर्ति तत्त्वानें चुकले असें आम्ही म्हणत नाहीं. पण मूळच्या १० पेन्सांवर त्यानें हक्क सांगितलाच नव्हता, ही गोष्ट त्या तत्त्वांत बुडून गेली.

तरीहि प्रत्येकाच्या जादा सदऱ्यांची मोजदाद न्यायालयांनीं करावी, असें सुचविणें वेडेपणाचें होईल. तसें केलें तर सदऱ्याहून वकिलाचीच किंमत अधिक पडेल, आणि खोट्या पावत्यांस ऊत येईल तो निराळाच. कपडा पाहून निकाल देण्याची पद्धत म्हणूनच टिकली. मनांतील हेतु सिद्ध करणें कठीण, बूट दाखविणें सोपें. या अडचणींतून सुटण्याचा खरा मार्ग ठोक रकमेचा आहे. ब्रिटनमध्यें अनेक धंद्यांतील नोकरदारांस हत्यारें व कामाचे कपडे यांच्या देखभालीसाठीं धंदेवार ठरीव रकमा वजा मिळतात. आणि आपल्याकडे लहान ठेकेदारास शेंकडा ८ चा नियम मिळाला. दोहोंतहि तत्त्व एकच कीं, श्रमाच्या कामांत कपडा अधिक झिजतो ही गोष्ट कायद्यानें आपण होऊन मान्य करावी. गरीब माणसास ती प्रत्येक वेळीं शाबीत करावयास लावूं नये.

राहिला प्रश्न आपल्या वाचकांचा. ज्यांचा धंदा स्वतंत्र आहे त्यांनीं एवढें ध्यानांत ठेवावें कीं, वकिलाचा झगा, डॉक्टरचा शस्त्रक्रियेचा पोशाख, कारखानदाराचें हेल्मेट यांसारखीं वस्त्रें खर्चांत धरण्यास आधार आहे. सभेस अथवा गिऱ्हाइकाकडे जाण्यासाठीं घेतलेला सूट किंवा पैठणी मनानें कितीहि धंद्यासाठीं घेतली असली तरी ती घरचीच. आणि ज्यांच्या घरचें बांधकाम एखादा ठेकेदार करीत असेल, त्यांनीं त्याचा हिशेब पाहतांना विटा आणि सिमेंट यांबरोबरच कामावरच्या माणसांच्या फाटलेल्या कपड्यांकडेहि एकवार पाहावें. त्या कपड्यांची किंमत सरकारच्या वहींत कोठें धरावी याचा वाद पुढेंहि चालेल; पण कामाच्या भावांत ती धरली गेली पाहिजे, याविषयीं तरी दुमत होण्याचें कारण नाहीं.